बारीक माणसाले साखर कायची होते?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा महिनाअखेरीस ज्यांचा डेटा संपतो, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय.

आमच्या भातकुलीकडे एखाद्या सडपातळ माणसाला साखर निघाली, की पारावर निकाल तयार असतो. "बारीक माणसाले साखर कायची होते बाप्पा? मशीन खराब असन!" मग तो माणूसही खूश होतो, रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवतो आणि कपाशीच्या फवारणीला निघून जातो. साखर म्हणजे गादीवर बसून पेढे खाणाऱ्या शेठजीचा आजार, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

पण हे फक्त पारावरचं मत होतं असं समजू नका. मोठ्या वयात होणारा मधुमेह म्हणजे लठ्ठ माणसाचा आजार, हे चित्र डॉक्टरांच्या पुस्तकांतही बराच काळ होतं. ते चित्र बदलायला ज्या मोजमापांनी मोठी मदत केली, ती पुणे जिल्ह्यातल्या ६ खेड्यांत झाली, नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या अंगावर. आज त्याची गोष्ट. आणि शेवटी आपल्या वऱ्हाडाचा एक खास मुद्दा, जो रिपोर्ट वाचताना माहीत असलेला बरा.

आधी आजार ओळखायचे कसे?

मधुमेह हा ओळखण्याच्या बाबतीत फार जुना आजार आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितलेत. एक जन्मापासून येणारा, त्यात रोगी कृश असतो. दुसरा चुकीच्या खाण्यापिण्यातून आणि बैठ्या वागण्यातून येणारा, त्यात रोगी स्थूल असतो. म्हणजे बारीक रोगी आपल्याकडच्या वैद्यांनी कधीच बघून ठेवला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युरोपात सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने रोग्यांची लघवी गोड लागते असं लिहून ठेवलं. हो, चव घेऊनच. १७७६ साली मॅथ्यू डॉबसनने लघवी आटवली आणि खाली उरलेला पदार्थ साखरच आहे हे दाखवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेनेडिक्टचं द्रावण आलं. बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी केलंय ते: निळं द्रावण तापवायचं, साखर असेल तर हिरवं, पिवळं, आणि जास्तच असेल तर विटेसारखं लाल. गावोगावच्या दवाखान्यांत कित्येक वर्षं हीच तपासणी चालायची. १९२२ मध्ये टोरोंटोत पहिल्यांदा रोग्याला इन्सुलिन टोचलं गेलं, आणि १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थने सांगितलं की मधुमेह दोन तऱ्हांचा दिसतो: एकात शरीराला इन्सुलिनच कमी पडतं, दुसऱ्यात इन्सुलिन असतं पण शरीर त्याला दाद देत नाही.

आता प्रश्न उरला की तपासायचं कोणाला? सगळ्या गावाचं रक्त काढणं शक्य नव्हतं. म्हणून धोका कोणाला जास्त आहे याचा अंदाज बांधायची सोपी खूण हवी होती. तिथे वजन आलं.

बीएमआय नावाची डिफॉल्ट सेटिंग

वजन भागिले उंचीचा वर्ग. हे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटलेचं, १८३० च्या दशकातलं. तो डॉक्टर नव्हता. खगोल आणि संख्याशास्त्र हे त्याचे विषय. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधायचं होतं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. नंतर त्याला सीमारेषा मिळाल्या: २५ च्या वर वजन जास्त, ३० च्या वर लठ्ठ.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून मला हे असं दिसतं. समजा कोणी एक ॲप बनवलं, त्याची टेस्टिंग एकाच प्रकारच्या युजरवर केली आणि त्यातून निघालेला आकडा कोडमध्ये कायमचा लिहून टाकला. तिथे ॲप छान चालतं. मग तेच ॲप भातकुलीत आलं. इथे ते क्रॅश होत नाही, लाल एररही दाखवत नाही. ते शांतपणे 'सर्व ठीक' असा मेसेज देतं. २५ आणि ३० च्या रेषा ठरवताना मुख्यतः गोऱ्या लोकांची आकडेवारी समोर होती. आपल्याकडचा २३ बीएमआयचा माणूस त्या रेषांमध्ये निरोगी म्हणून पास व्हायचा.

रास्ता पेठेतला दवाखाना

पुण्यात रास्ता पेठेत केईएम हॉस्पिटल आहे. मुंबईचं केईएम वेगळं, हे वेगळं. डॉ. बानू कोयाजींनी इथून ग्रामीण आरोग्याचं मोठं काम उभं केलं, त्यासाठी १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रोगी बघत होते. ऑक्सफर्डला शिकून आलेले. तिथे पाहिलेला रोगी आणि पुण्यातला रोगी यांचा मेळ त्यांना बसेना. इथले रोगी वयाने लहान होते आणि अंगाने तितकेसे जाडही नव्हते.

१९९१ मध्ये त्यांच्या गटाने एक निबंध छापला. त्याचा सारांश असा, की आपल्या लोकांत रक्तातली साखर एकूण जाडेपणापेक्षा पोटाभोवतीच्या चरबीशी जास्त बांधलेली आहे. हातपाय काड्या, पोट मात्र पुढे. ही शरीरयष्टी आपल्याकडे इतकी सर्रास दिसते की तिच्याकडे कोणी खूण म्हणून बघतच नव्हतं.

त्याच सुमारास इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमध्ये डेव्हिड बार्कर एक वेगळीच गोष्ट सांगत होते. जन्मतः कमी वजनाच्या बाळांना मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो, असं जुन्या जन्मनोंदींतून त्यांना दिसलं होतं. १९९२ मध्ये त्यांनी आणि निक हेल्सनी यावर एक कल्पना मांडली. आईच्या पोटात अन्न कमी पडलं तर बाळ काटकसरीची सवय लावून घेतं. मेंदू वाचवतं, बाकी अवयवांवर खर्च कमी करतं. पुढे आयुष्यभर अन्न कमीच मिळालं तर ठीक. पण अन्न वाढलं, की ती काटकसरीची यंत्रणा गोंधळते.

आता विचार करा, कमी वजनाची बाळं सर्वात जास्त कुठे जन्मतात? आपल्याकडे. म्हणजे बार्करांचं म्हणणं खरं असेल, तर त्याचा सर्वात मोठा फटका आपल्याला बसणार होता.

६ खेडी, ८०० गरोदरपणं

१९९३ मध्ये पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी सुरू झाला. पुणे शहराबाहेरच्या ६ खेड्यांत. केईएम, साउथॅम्प्टनचा गट आणि पुण्याच्या संशोधकांनी मिळून केलेलं हे काम. पद्धत ऐकण्यासारखी आहे. लग्न झालेल्या तरुण बायकांच्या घरी आरोग्यसेविका दर महिन्याला जायच्या आणि पाळीची तारीख विचारायच्या. का? तर गर्भ राहण्याआधीच आईचं वजन आणि उंची नोंदलेली हवी. गरोदर झाल्यावर खाणं काय, काम किती, पाणी कुठून आणता, सगळं लिहून घेतलं. अशी सुमारे ८०० गरोदरपणं नोंदली गेली.

या बायका शेतात राबणाऱ्या होत्या. बारीक, सरासरी उंची जेमतेम ५ फूट. वर्णन ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया डोळ्यांपुढे आणा.

बाळ जन्मलं की नुसतं वजन करून थांबायचं नाही, असं ठरलेलं होतं. डोकं, छाती, पोट, दंड, सगळं टेपने मोजलं. आणि एका खास चिमट्याने त्वचेची घडी मोजली, दंडावर आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखाली. या घडीची जाडी म्हणजे कातडीखालच्या चरबीचा अंदाज.

२००३ मध्ये निकाल छापून आले. पुण्याच्या खेड्यांतली ६३१ बाळं आणि साउथॅम्प्टनची ३३८ बाळं यांची तुलना. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५ किलो. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या बाळांचं पोट लहान होतं, दंडावर मांस कमी होतं, पण पाठीवरची चरबीची घडी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. म्हणजे काटकसर झाली ती मांसावर आणि आतल्या अवयवांवर. चरबी बाळाने जपून ठेवली होती. त्याच्या आदल्या वर्षी, २००२ मध्ये, याज्ञिकांच्या गटाने नाळेतल्या रक्ताचा अभ्यास छापला होता. त्यात पुण्याची बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा हलकी, पण त्यांच्या रक्तात इन्सुलिन मात्र जास्त.

या बाळांना नाव पडलं 'थिन-फॅट' बाळं. मराठीत म्हणायचं तर वरून बारीक, आतून जाड. एकही पेढा खायच्या आधी, पहिल्या दिवसापासून.

दोन डॉक्टर, एक आकडा

२००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा मजकूर आला. सोबत दोन माणसांचे फोटो. एक खुद्द डॉ. याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही पुस्तकाप्रमाणे ठणठणीत. मग दोघांच्या अंगातली चरबी स्कॅनने मोजली. युडकिन ९.१ टक्के. याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

दोघांनी आडनावांच्या पहिल्या अक्षरावरून त्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' असं नाव दिलं. त्यांनी विनोदाने हेही कबूल केलं, की एक जण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचं पळणं म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत आत शिरणं. म्हणजे फरकाचा काही भाग व्यायामाचा असणार. दोन माणसांवरून सिद्धांत बनत नाही, तो हजारो मोजमापांवरून बनतो. पण लोकांना समजवायला तो फोटो पुरला. माझ्या मते मोजपट्टीवरचा हा सर्वात छान बग रिपोर्ट आहे.

मग याला कारण काय?

इथे सोपं उत्तर नाही. पण त्याच ६ खेड्यांतून काही धागे मिळाले. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आहाराच्या नोंदी तपासल्या. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घ्यायच्या, त्यांची बाळं आकाराने बरी होती. ज्यांना गरोदरपणातही शेतातलं आणि घरचं जड काम चुकलं नाही, त्यांची बाळं लहान होती.

दुसरा धागा बी-१२ जीवनसत्त्वाचा. या आयांपैकी बहुसंख्य बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ते मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं, आणि घरात दूध असलं तरी सुनेच्या वाट्याला किती येतं ते आपल्याला ठाऊक आहे. २००८ मध्ये दिसलं की ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं ६ वर्षांची झाल्यावर इन्सुलिनला सर्वात कमी दाद देत होती. म्हणून २०१२ पासून याच मुलामुलींना, ती वयात आल्यावर, बी-१२ देऊन बघायचा प्रयोग सुरू झाला. पुढच्या पिढीची बाळं कशी जन्मतात हे पाहायला. एका गावातल्या एका बाळाचा असा दोन पिढ्या पाठपुरावा करणं, हे किती चिकाटीचं काम आहे बघा.

रेषा सरकली

या आणि अशा इतर अभ्यासांनंतर सीमारेषा बदलल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हा असं सुचवलं. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी एकमताने ठरवलं: २३ ला वजन जास्त, २५ ला लठ्ठ. आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर, याच्या वर धोका.

आता आपल्या दारावर येऊया. आशाताई घरोघरी एक फॉर्म भरतात. ३० वर्षांवरच्या लोकांचा. त्यात वय, तंबाखू-दारू, व्यायाम, आईवडिलांना साखर-बीपी आहे का, हे प्रश्न असतात. आणि त्यात कंबर मोजलेली असते. वजनाचा काटा त्या गुणांत धरतच नाहीत. ८० आणि ९० हे आकडे तिथेही आहेत. आशाताईंची टेप पुढच्या वेळी दिसली तर तिच्याकडे जरा मानाने बघा.

आकडे सांगते. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये छापला गेला, त्यात महाराष्ट्रात ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला. शहरात १०.९, खेड्यात ६.५. २०२३ मध्ये याच पाहणीने देशाचा आकडा १० कोटींच्या वर सांगितला. म्हणजे शेठजींचा आजार कधीच शेतात पोचलाय.

सगळे बारीक एकसारखे नाहीत

इथे थोडं थांबायला हवं, नाहीतर एक चूक दुरुस्त करताना दुसरी होईल. वरून बारीक, आतून जाड हा एक प्रकार. पण काही रोगी वरूनही बारीक असतात आणि आतूनही. लहानपणापासून उपासमार झालेले तरुण. त्यांच्या शरीरात इन्सुलिनच कमी बनतं. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला वेगळा प्रकार मानलं, १९९९ मध्ये तो यादीतून काढला. वेल्लोरच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी काम सुरू ठेवलं. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' असं नाव दिलं. त्यावर वाद अजून चालू आहेत, पण मेळघाट ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाने हे नाव ऐकून ठेवावं. सुश्रुताचा कृश रोगी आठवला ना? त्याला यादीत यायला एवढी वर्षं लागली.

आता वऱ्हाडाची खास गोष्ट

हल्ली पॅथॉलॉजीत एचबीएवनसी नावाची तपासणी सर्रास होते. लोक तिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात. उपाशी जावं लागत नाही, म्हणून सोयीची. ६.५ किंवा वर आली तर मधुमेह. ही तपासणी चालते लाल पेशींवर. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तेवढ्या दिवसांचा हिशोब मिळतो.

पण पेशी १२० दिवस जगल्याच नाहीत तर? विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं होतं. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी खरी असते त्यापेक्षा कमी दिसू शकते. नुसता वाहक असेल तरी काही मशीनांवर आकडा चुकू शकतो. उलट, लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर आकडा खोटाच वर जाऊ शकतो. आणि आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं किती सर्रास आहे!

म्हणजे पारावरचा तो माणूस म्हणतो ना, "मशीन खराब असन", त्यात कधीकधी तथ्य असतं. फक्त त्यावर उपाय रिपोर्ट खिशात ठेवणं हा नाही. डॉक्टरांना सांगायचं: घरात सिकलसेल आहे, किंवा माझं रक्त कमी आहे. मग ते उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनंतरची साखर बघतात. उपाशी १२६ किंवा वर, २ तासांनी २०० किंवा वर, हे आकडे लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून नाहीत.

शेतातल्या माणसाची लक्षणं कुठे हरवतात

खूप तहान, रात्री चार वेळा उठणं, वजन उतरणं, जखम न भरणं, तळपायाला मुंग्या, डोळ्यांपुढे धूसर. ही लक्षणं पोस्टरवर असतात. पण आपल्याकडे प्रत्येक लक्षणाला आधीच एक कारण तयार असतं. तहान लागली तर ऊन आहे, त्यात भातकुली खारपाणपट्ट्यातली, पाण्यानेच तहान भागत नाही म्हणतात. वजन उतरलं तर हंगामाचं काम आहे. पायाला मुंग्या तर दिवसभर वाकून निंदण केलं. मानेवर काळा, मखमलीसारखा पट्टा आला तर "नीट आंघोळ कर". तो घासून जात नाही मंडळी. ती इन्सुलिनला दाद न देण्याची खूण असू शकते. तरुण पोरापोरींतही दिसते.

सुटलेल्या पोटाचा माणूस आपण लगेच तपासायला पाठवतो. काड्यांसारख्या हातापायांचा, उन्हात राबणारा माणूस आपण धडधाकट समजतो. त्याला साखर आहे हे बऱ्याचदा पायाची जखम चिघळल्यावर कळतं.

म्हणून या भागाचं काम एवढंच. शिंप्याची टेप घ्या. आईची, बाबांची, काकूंची कंबर मोजा. पँटच्या पट्ट्यावर नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. बाबा ९० च्या वर, आई ८० च्या वर असेल, किंवा घरात कोणाला साखर असेल, किंवा वय ३० च्या पुढे असेल, तर वजन काहीही असो, गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासून या. आणि कोणी म्हणालंच की बारीक माणसाले साखर कायची होते, तर त्याला पुण्याच्या त्या २.७ किलोच्या बाळांची गोष्ट सांगा.

मी इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांनाच विचारून घ्या. कोणाच्या घरी किती सेंटिमीटर निघाले ते आकड्यांसकट मला कळवा, नावं नकोत. भेटू पुढच्या भागात.